मणिकाम व मणिघडण (पुणे परिसरातील वर्ग)

मणी दोऱ्यात, तारेत किंवा तंगुसात (नायलॉनच्या दोऱ्यात) ओवून, गाठवून अथवा विणून दागिने, तोरणे, महिरपी व शोभेच्या वस्तू करणे म्हणजे मणिकाम; कच्च्या मालातून मणी घडवून त्याला वेज (आरपार भोक) पाडणे म्हणजे मणिघडण. पुण्यात ही कामे महिला मंडळे, बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायट्यांची सभागृहे व शाळांची सुटीतील शिबिरे यांतून शिकवली जातात. स्त्रियांना हस्तव्यवसाय शिकवण्याची शहरातील परंपरा जुनी आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेले पुणे सेवासदन हे तिचे ठळक उदाहरण. मंगळसूत्र, चिंचपेटी, तन्मणी, नथ आणि रुखवतातील मण्यांच्या वस्तू सर्वांच्या परिचयाच्या असल्याने त्यांचे वर्णन येथे केलेले नाही. नोंदीचा भर वेजावर आहे. दोरा किती जाड घ्यायचा, सुई कोणती, गाठ कोठे लपवायची आणि वस्तू किती वर्षे टिकेल, हे सारे वेजावरून ठरते. चांगल्या व साधारण वर्गातला फरकही बहुधा येथेच दिसतो.

प्राचीनता : पुणे जिल्ह्यातील मणिघडणीचा विचार इनामगावपासून सुरू करावा लागतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांची नावे या कामाशी निगडित आहेत. वसाहतीचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पू. सु. १६०० ते ७०० असा धरतात व त्याचे माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे टप्पे करतात. येथे कार्नेलियन (तांबडी कॅल्सेडोनी), जास्पर, भाजलेली माती, तांबे इ. पदार्थांचे मणी मिळाले. यांतील दगडी मण्यांचा कच्चा माल फार दुरून आणण्याची गरज नव्हती. दख्खनच्या बेसाल्टातील पोकळ्यांत सिलिका साचून कॅल्सेडोनी, अकीक व जास्पर तयार होतात. खडक झिजला की त्यांचे गोटे नदीपात्रात येतात. कॅल्सेडोनीतील लोहाची जलयुक्त संयुगे तापवल्यावर पाणी सोडतात, त्यांचे हेमॅटाइट बनते आणि फिकट गोटा तांबडा होतो. गुजरातेत खंभातचे कारागीर गोटे आधी महिनोन्‌महिने उन्हात वाळवतात व मग मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. वाळवण अपुरे राहिले, तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन गोटा तडकतो.

मतभेद आहे तो वेज कशाने पाडले याविषयी. कॅल्सेडोनीची कठिनता मोस मापक्रमावर सु. ६.५ ते ७ आहे. नुसत्या तांब्याच्या तारेने ती कोरली जात नाही. तारेसोबत अपघर्षक (घासून झिजवणारी) भुकटी तरी हवी किंवा अणीच कठीण दगडाची हवी. सिंधू संस्कृतीचे लांब कार्नेलियन मणी एका विशिष्ट कठीण दगडाच्या अणीने वेधले जात. या दगडाला पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांच्या स्मरणार्थ ‘अर्नेस्टाइट’ असे नाव देण्यात आले आहे. हिऱ्याची अणी नंतरची. लेनर्ड गोरेलिक व ए. जॉन ग्विनेट यांनी वेजाच्या आतील भागाचे सिलिकॉनमध्ये ठसे घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. हिऱ्याने पाडलेल्या वेजात नियमित, तीक्ष्ण वर्तुळाकार चरे दिसतात. या कसोटीवर हिऱ्याच्या अणीचा भरवशाचा पुरावा इ. स. पू. शेवटच्या काही शतकांपासून पुढचा ठरतो. काही अभ्यासक तो इ. स. पू. सातव्या शतकापर्यंत मागे नेतात, पण त्यासाठीचा आधार तुटपुंजा आहे. इनामगावची वस्ती त्याच सुमारास संपत असल्याने तेथील मणी हिऱ्याने वेधलेले नसावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. खंभातला आजही कमानीने फिरवायच्या सामत्याच्या (भोक पाडायच्या हत्याराच्या) टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण बसवतात आणि वेज दोन्ही बाजूंनी पाडून मध्ये जुळवतात. एकाच बाजूने पार नेल्यास बाहेर पडणाऱ्या तोंडाशी दगडाचा कपचा उडतो. मातीच्या मण्यालाही हाच नियम लागू आहे. वर्गात तो पहिल्या दिवशी सांगितला जावा.

पांढऱ्या रेघांच्या लाल कार्नेलियन मण्यांविषयीची चर्चाही वेधक आहे. १९३३ मध्ये होरेस बेक यांनी त्यांचे कालानुसार तीन गट पाडले. त्याच सुमारास मॅके यांनी सिंधमधील सेहवान येथील कारागिराकडून पाहिलेली पद्धत नोंदवली : धुण्याचा सोडा व एका झुडपाचा रस यांच्या खळीने मण्यावर नक्षी काढायची आणि मणी निखाऱ्यांत तापवायचा. मोरेश्वर गं. दीक्षित यांचा भारतातील अशा मण्यांवरील अभ्यास डेक्कन कॉलेजने १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. जुने अभ्यासक या क्रियेला कोरणे म्हणत. तथापि अल्क (येथे धुण्याचा सोडा) दगड खात नाही, तर त्याच्या सूक्ष्म रंध्रांत शिरून तेवढा भाग अपारदर्शक पांढरा करते. त्यामुळे ‘विरंजित’ (रंग उडवलेला) ही संज्ञा जास्त योग्य होय.

काळ्या मण्यांच्या मंगळसूत्राचा उगम वादग्रस्त आहे. पां. वा. काणे यांनी दाखवून दिल्याप्रमाणे गृह्यसूत्रांत मंगळसूत्रबंधनाचा विधी नाही. तो उत्तरकालीन स्मृतिग्रंथांत येतो. काळ्या मण्यांच्या दुपदरी सरीचे आजचे रूप त्याहूनही अलीकडचे असावे.

वर्गातील मणिघडण : दगडाला वेज पाडणे वर्गाच्या सोयीत बसत नाही, म्हणून मातीपासून आरंभ करतात. गणपतीची शाडूची माती पुण्यात सहज मिळते व मुलांचा हात बसवायला ती उत्तम. मात्र तिचे मणी न भाजता कच्चेच ठेवले जातात आणि पाणी लागताच विरघळतात. टिकाऊ मण्यांसाठी कुंभाराची लाल माती घ्यावी. माती चाळून, भिजवून, हवेचे बुडबुडे जाईपर्यंत मळतात. वाळणे व भाजणे मिळून ती लांबीत साधारण ८ ते १० टक्के आटते. १२ मिमी. चा मणी हवा असेल, तर ओली गोळी १३ ते १३.५ मिमी. ची वळावी. वेजासाठी सायकलच्या चाकाची तार सोयीची. ती २ मिमी. जाड असते आणि भाजल्यावर सु. १.८ मिमी. चे वेज उरते. माळेच्या दोऱ्याला एवढे पुरते.

वेज पाडण्याची वेळ साधणे ही खरी कसोटी. गोळी वळल्या वळल्या टोचली, तर ती चपटी होते आणि पलीकडच्या तोंडाशी मातीचा ओठ वर येतो. भाजल्यावर हाच ओठ धारदार होऊन दोरा कापतो. फार वाळू दिली, तर टोचताना चीर पडते. नख दाबल्यावर पुसट खूण उठते पण बोटाला माती लागत नाही, ती अवस्था योग्य. तार गोल फिरवत अर्ध्यापर्यंत न्यावी, काढावी, मग दुसऱ्या बाजूने घालून वेज जुळवावे आणि दोन्ही तोंडे ओल्या बोटाने गुळगुळीत करावीत. मणी सावलीत वाळवावेत. उन्हाळ्यात तीनचार दिवस पुरतात. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत आठवड्याहून अधिक लागू शकतात. घाई केली, तर भट्टीत मणी फुटतात. आच प्रथम सु. १२० अंश से. पर्यंत सावकाश चढवतात, म्हणजे उरलेला ओलावा निघून जातो. सु. ५७३ अंशांना मातीतील क्वॉर्ट्‌झचे स्फटिकरूप बदलते. त्या टप्प्यावर, विशेषतः निवताना, ताप झपाट्याने उतरू देत नाहीत. पक्की भाजणी ८०० ते ९०० अंशांची. घरच्या गॅसवर एवढा ताप मण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. अशा रीतीने ‘भाजलेले’ मणी एक रात्र पाण्यात ठेवले की मऊ पडतात. प्रत्येक घाण्यातला एक मणी असा तपासावा. काळे मणी हवे असल्यास ते लाकडाच्या भुशात पुरून, मडक्याचे तोंड लिंपून भाजतात. हवा न मिळाल्याने मातीतील लोहाचे क्षपण होते (त्यातील ऑक्सिजन कमी होतो), कार्बनही रंध्रांत शिरतो आणि मणी आतपर्यंत काळा होतो. झाकण गरम असतानाच उघडले, तर हवा लागून तांबडे डाग उमटतात.

कागदी मणी सोपे असतात. २.५ सेंमी. पायाच्या व ३० सेंमी. लांबीच्या त्रिकोणी पट्ट्या रुंद टोकाकडून काडीवर घट्ट गुंडाळतात, शेवटी फेविकॉल लावतात व वाळल्यावर व्हार्निशचे दोन हात देतात. काचमणी दिव्याच्या ज्योतीवर घडवतात. त्याला इंधनवायू, ऑक्सिजन व मंद निववण्याची भट्टी लागते. सामुदायिक वर्गाला ते पेलत नाही. बाजारातले भारतीय काचमणी मुख्यतः उत्तर प्रदेशातील पुरदिलपूर व वाराणसी येथून येतात.

गाठवणी व विणकाम : मणी रविवार पेठेत वजनावर व लडींनी मिळतात, तुळशीबागेत सुटे. ११ नंबरचा गोल काचमणी सु. २ मिमी. व्यासाचा असतो. एका इंचात असे सु. १८ मणी बसतात आणि चांगल्या प्रतीचे सु. ११० मणी एक ग्रॅम भरतात. म्हणजे १८ इंचांच्या एका पदराला सु. ३२५ मणी, जेमतेम ३ ग्रॅम. दुपदरी पोतीला तरीही १० ग्रॅम घ्यावेत, कारण स्वस्त मालात तिरके, चपटे व बंद वेजाचे मणी निवडून टाकावे लागतात. ही निवड शिकवायलाच हवी. न निवडलेल्या मण्यांची पोत कितीही घट्ट ओवली तरी वाकडी बसते. सारे मणी एकाच लॉटमधून घ्यावेत, कारण पुढच्या लॉटमध्ये रंगाची छटा बदलते. दोऱ्याला मधमाशीचे मेण लावतात. ते दोऱ्याचे पीळ धरून ठेवते व घर्षण कमी करते. नळीमण्यांची कड काचेसारखीच कापते. त्यांच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी घातला, तर दोरा वाचतो.

रुखवतातील फळे, पक्षी, गणपती यांचा पाया म्हणजे तीस मण्यांचा चेंडू. ६ मिमी. चे मणी व ०.३५ मिमी. चा सु. ८० सेंमी. तंगूस घ्यावा. पाच मणी मध्यावर आणून दोन्ही टोके पाचव्या मण्यातून उलटसुलट काढली की पहिले कडे होते. दुसऱ्या कड्यात चार मणी नवे, तिसऱ्या, चौथ्या व पाचव्यात तीन तीन, सहाव्यात दोनच. येथवर वीस मणी लागतात आणि वाटीचा आकार दिसू लागतो. सातव्या कड्यात तीन, आठव्या ते दहाव्यात दोन दोन, अकराव्यात एक. बाराव्या कड्यात नवा मणी लागत नाही, असलेले पाच ओढून घेतले की चेंडू बंद होतो. प्रत्येक मणी दोन कड्यांत सामाईक असतो, म्हणून तंगूस प्रत्येक वेजातून दोनदा जातो. वेज अरुंद असेल, तर दुसऱ्या फेरीला मणी तडकतो. शिकणाऱ्याचा चेंडू बिघडतो तो बहुतेक वेळा मोजणीमुळे : चुकून सहा मण्यांचे कडे झाले, तर तो भाग सपाट पडतो, चारचे झाले, तर टोक निघते. हा दोष कळला की तोच उपयोगी पडतो, कारण पोपटाची चोच चारच्या कड्यांनी आणि पाठीचा सपाट भाग सहाच्या कड्यांनीच साधतात. प्रत्येक कड्यानंतर दोन्ही टोके सारखी ओढावीत. एकदा सैल राहिलेले कडे शेवटी घट्ट करता येत नाही.

सौराष्ट्रातील मोतीभरत जाळीत तीन मण्यांचे एकक वापरते. तोरणांची ही रीत पुण्याच्या वर्गांतही आली आहे. त्या कामात एकोणिसाव्या शतकात वापरलेले मणी व्हेनिसहून पूर्व आफ्रिकेच्या व्यापारमार्गाने आले, असे सामान्यतः मानले जाते.

दोष व दुरुस्ती : तंगुसाला साधी गाठ टिकत नाही. दोन वेढ्यांची गाठ मारून उरलेले टोक पाचसहा मण्यांतून मागे नेतात. गाठीवर फेविक्विक टाकण्याची सवय वाईट, कारण ज्या जागी ते सुकते तेथे नायलॉन कडक होऊन तुटतो. नेलपॉलिशचा थेंब बरा. दारावरच्या तोरणाचा तंगूस उन्हाने ठिसूळ होतो. दर काही वर्षांनी मणी सोडवून नव्याने विणावे लागतात व त्यासाठी नमुन्याची कड्यांची मोजणी लिहून ठेवणे श्रेयस्कर. रंगवलेले मणी कपड्याला डाग देतात. खरेदीपूर्वी दहाएक मणी साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून पाहावेत. खऱ्या मोत्यांचे वेज फार बारीक असते. ते रेशमी दोऱ्यात, दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारून गाठवतात, म्हणजे मोती एकमेकांना घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एखादाच मोती निसटतो. पटवेकऱ्यांचे हे काम वर्गांत क्वचितच शिकवतात. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती सुटे मणी देत नाहीत. गिळण्याचा व नाकात घालण्याचा धोका असतो.