"यू डर्टी रॅट" कॅग्नी बोललाच नव्हता

जुन्या हॉलिवूडच्या गँगस्टरची नक्कल करायची म्हटलं की लोक खांदे उडवत "यू डर्टी रॅट" म्हणतात आणि ते जेम्स कॅग्नीच्या नावावर खपवतात, पण असा डायलॉग त्याने कुठल्याच पिक्चरमध्ये मारलेला नाहीये. 1932 च्या 'टॅक्सी!'मध्ये तो बंद दारामागे लपलेल्याला "डर्टी यलो-बेलीड रॅट" म्हणतो, म्हणजे भेकड उंदरा, बाहेर ये नाहीतर दारातूनच गोळ्या घालतो. मिमिक्रीत मधला तुकडा गळला अन् उरलं तेच पब्लिकच्या तोंडी बसलं. 1974 मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा पुरस्कार घेताना कॅग्नीने स्टेजवरूनच सांगितलं की मी हे कधी बोललोच नाही, पण ऐकतंय कोण! आपल्याकडे पण "अरे ओ सांभा, कितने आदमी थे" चालूच आहे की, गब्बरने ते विचारलं होतं कालियाला, सांभाला फक्त इनाम विचारलेलं.