पोटरीतल्या झडपा आणि वडगावचे माग

बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात यंत्रमागावरचा कामगार पाळी संपवून पायरीवर टेकतो, नडगीवर अंगठा दाबतो, आणि अंगठा उचलल्यावर पडलेला खळगा बराच वेळ भरून येत नाही. घोट्याच्या आतल्या अंगाची त्वचा काळपट झालेली असते. ही पायांच्या शिरांच्या विकाराची (व्हेरिकोज व्हेन्स) लक्षणे निव्वळ थकवा समजून सोडून दिली जातात, याची मला खंत वाटते.

दुर्बल माणसाने अतिश्रम केल्याने होणाऱ्या शिरांच्या गाठीचे वर्णन सुश्रुतसंहितेत 'सिराज ग्रंथी' या नावाने आले आहे. शिरांच्या आतील झडपांचे सचित्र वर्णन मात्र इटलीतील पादुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञाने 1603 मध्ये प्रसिद्ध केले. पण रक्ताचा खाली येणारा लोंढा आवरण्यासाठी त्या असतात, असा त्याचा समज होता. त्याचाच शिष्य विल्यम हार्वे याने 1628 मध्ये रक्ताभिसरण मांडले, तेव्हा त्या झडपा रक्ताला हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात, हे स्पष्ट झाले. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, सूज येते, रक्तातील लोह त्वचेत उतरून डाग पडतात आणि शेवटी जखम चिघळते. 1890 च्या सुमारास जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी मांडीतील मुख्य शीर बांधण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. आज तेच काम बहुधा सोनोग्राफीच्या मदतीने, लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर आतून बंद करून होते.

या साऱ्यात पोटरीचा वाटा मोठा आहे. निश्चल उभे राहिल्यास पावलाच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे 90 मिलिमीटरपर्यंत चढतो, आणि चालू लागताच पोटरीचे स्नायू शिरा पिळून तो 30 च्या आसपास आणतात. हातमागावरचा विणकर खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबत असे, म्हणजे त्याची पोटरी सतत हलती राही. यंत्रमाग आला आणि तुटलेला धागा जोडण्यासाठी तोच माणूस दोन मागांच्या मध्ये तासन्‌तास उभा राहू लागला. म्हणूनच या विकाराचा विचार करताना मला कष्टांपेक्षा न हलता उभे राहण्याची धास्ती अधिक वाटते.

अमेरिकेतील अभियंता कॉनरॅड जॉब्स्ट याला स्वतःच्या दुखऱ्या पायांना पोहण्याच्या तलावात आराम पडल्याचे जाणवले, आणि त्यातूनच 1950 च्या सुमारास घोट्याशी घट्ट व वर सैल होत जाणारे मोजे आले. ते सकाळी, सूज चढण्याआधी घालावेत, अधूनमधून टाचा उचलाव्यात आणि रात्री पाय हृदयापेक्षा उंच ठेवावेत. मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांच्या धमन्यांतच रक्तपुरवठा कमी असू शकतो, आणि तशा पायावर घट्ट मोजे अपायकारक ठरतात. त्यामुळे मोजे घेण्याआधी डॉक्टरांकडून पावलांची नाडी तपासून घ्यावी.