बाहेरचा कान : मेटॅलिका आणि आयर्न मेडन कुठे घसरले, कशाने सावरले

1990 च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडने पाचव्या अल्बमचं काम सुरू केलं. निर्माता बॉब रॉकने तेव्हा एका साध्या गोष्टीवर बोट ठेवलं : तुमची सगळी गाणी एकाच पट्टीत आहेत. गिटारची सर्वात जाड तार ई स्वरात लागते, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी तीन. ती मोकळी छेडली की सर्वात खर्जातला, सर्वात भारदस्त आवाज मिळतो. म्हणून थ्रॅश मेटलवाले (मेटलचा वेगवान, कडक प्रकार वाजवणारे) तिथेच मुक्काम ठोकून असतात. रॉकच्या सांगण्यावरून एका गाण्यासाठी सगळ्या तारा एकेक स्वर उतरवून जाड तार पांढरी दोनवर आणली गेली आणि 'सॅड बट ट्रू'ला त्याचं वजन मिळालं. चारही वादक तोवर आपापला भाग वेगळा वाजवून नंतर जोडत. रॉकने त्यांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं. भांडणं झाली, मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र बेतणं, तीनदा झालं. 12 ऑगस्ट 1991 रोजी निघालेला तो काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून जास्त खपला.

बारा वर्षांनी हाच बॉब रॉक हाच बँड घेऊन स्टुडिओत बसला आणि 'सेंट अँगर' हा फसलेला अल्बम बाहेर पडला. माणूस तोच, हातही बहुतेक तेच. 'वय झालं', 'पैसा आला', 'केस कापले' ही नेहमीची उत्तरं इथे पुरी पडत नाहीत. स्टुडिओतल्या एकेका निर्णयापाशी जावं लागतं.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड आणि ड्रमवादक लार्स उलरिक यांनी 1981 मध्ये बँड काढला. पहिल्या तीन अल्बममध्ये बेसवर, म्हणजे खर्जाच्या गिटारवर, असलेल्या क्लिफ बर्टनला संगीतशास्त्राची रीतसर जाण होती. दोन गिटारींचे स्वर एकमेकांवर कसे बेतायचे, हे हेटफील्ड त्याच्याकडून शिकला. 27 सप्टेंबर 1986 रोजी स्वीडनमध्ये बस उलटून बर्टन गेला. दोन वर्षांनी आलेल्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये नव्या जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. याची कारणं एकात एक अडकलेली आहेत. न्यूस्टेड बहुतेक ठिकाणी गिटारचीच ओळ एक सप्तक खाली वाजवत होता, त्यामुळे बेसची स्वतंत्र चाल अशी नव्हती. हेटफील्डच्या गिटारचे मधले सूर कापून खालचे चढवले होते, म्हणजे बेसची जागा गिटारनेच व्यापली. वर मिक्सिंग न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिलला चाललं होतं आणि बँड दौऱ्यावरून थकून तिथे ये-जा करत होता. मिक्स करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनने पुढे जाहीरपणे सांगितलं की बेस खाली घ्यायची सूचना बँडकडूनच आली होती. तिथे 'नको' म्हणू शकणारा कोणी उरला नव्हता.

अल्बमची लांबीही याच सुमारास सुटली. विनाइल तबकडीच्या एका बाजूला साधारण 22 मिनिटं नीट बसतात. त्याहून जास्त भरलं तर खाचा जवळजवळ आणि उथळ कापाव्या लागतात, आवाज बारीक होतो, खर्ज पहिला जातो. 'मास्टर ऑफ पपेट्स' जवळपास 55 मिनिटांचा, म्हणजे तबकडीच्या दृष्टीने आधीच ताणलेला. 'जस्टिस' 65 मिनिटांचा झाला आणि विनाइलवर त्याच्या दोन तबकड्या कराव्या लागल्या. सीडीने ही वेसण काढूनच टाकली. 1996 चा 'लोड' 78 मिनिटं 59 सेकंदांचा आहे, सीडी अक्षरशः काठोकाठ भरलेली. 'लोड' आणि पुढच्या वर्षीचा 'रीलोड' मिळून एक नीट पन्नास मिनिटांचा अल्बम निघाला असता, आणि तो चांगला निघाला असता. वाईट गाणी फार नव्हती, काढून टाकलेली गाणी नव्हती.

मधल्या काळात हेटफील्डचा आवाज बसला होता. काळ्या अल्बमच्या सुमारास एक गाणं ओरडून गाताना त्याने गळा दुखवून घेतला, मग गळ्याच्या शिक्षकाकडे जाऊन रियाजाचे व्यायाम सुरू केले. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून बँड मैफिलीत अर्धा स्वर खाली, काळी दोनवर वाजवतो. गायकाच्या वयानुसार पट्टी उतरवणं आपल्याला नवं नाही. पण गिटारवर त्याची किंमत वेगळी पडते. अर्धा स्वर उतरवला की त्याच जाडीच्या तारेवरचा ताण सुमारे 11 टक्क्यांनी कमी होतो. 'सेंट अँगर'साठी बहुतांश गाण्यांत सर्वात जाड तार पांढरी एकपर्यंत उतरली. तिथे ताण 37 टक्क्यांनी घटतो. तार तितकी जाड घेतली नाही, तर प्रत्येक आघाताला ती आधी वर चढते आणि मग स्वरावर येते. जलद रिफमध्ये (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात) हे चढणंच जास्त ऐकू येतं. 'मास्टर ऑफ पपेट्स'चं शीर्षकगीत मिनिटाला सुमारे 212 ठोक्यांच्या लयीत, फक्त खालच्या दिशेच्या आघातांनी वाजतं, म्हणजे सेकंदाला सातच्या आसपास आघात. त्याला ताठ तार लागते.

'सेंट अँगर'च्या वेळी खोलीत काय चाललं होतं, ते त्यावरच्या 2004 च्या माहितीपटात सगळं दिसतं. जानेवारी 2001 मध्ये न्यूस्टेड गेला. उन्हाळ्यात हेटफील्ड व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला आणि परत आल्यावर दुपारी 12 ते 4 एवढंच काम करण्याची त्याची अट होती. महिन्याला 40 हजार डॉलर घेणारा मानसोपचारक सोबत बसत असे. गाणी लिहून आणण्याऐवजी चौघांनी मिळून तासन्‌तास वाजवायचं आणि संगणकावर त्यातले तुकडे कापून जोडायचे, अशी पद्धत ठरली. हा चौथा म्हणजे खुद्द बॉब रॉक; बेसवाला नव्हता म्हणून तोच बेस वाजवत होता. 1990 मध्ये बाहेरून आलेला कान आता आतला झाला.

ड्रमचा आवाज हा त्याचा सर्वात प्रसिद्ध परिणाम. स्नेअर या मुख्य ड्रमच्या खालच्या कातड्याला तारांची एक जाळी टेकलेली असते आणि बाजूच्या खटक्याने ती सैल करता येते. ती टेकलेली असली की आघात कोरडा आणि नेमका येतो, सैल केली की पिंपाचा नाद घुमत राहतो. उलरिकने ती सैलच ठेवली. पत्र्याच्या डब्यासारखा तो घुमणारा स्वर गिटारच्या सुराशी कुठेच जुळत नाही आणि 75 मिनिटं थांबत नाही. सोलो, म्हणजे एकट्या गिटारचे तुकडे, नाहीत; म्हणजे कानाला विसावा देणारी एकुलती एक जागाही गेली. अकरा गाणी, सरासरी पावणेसात मिनिटांची.

2008 च्या 'डेथ मॅग्नेटिक'ला निर्माता म्हणून रिक रूबिन आला, तारा पुन्हा पांढरी तीनवर चढल्या, सोलो परतले. रचना सुधारल्या आणि ध्वनिमुद्रण बिघडलं. डिजिटल आवाजाला वर एक छत असतं, त्यापलीकडे लाट जाऊ शकत नाही. सगळंच मोठं ऐकू यावं म्हणून छताला टेकवत गेलं की लाटांचे माथे सपाट कापले जातात, ड्रमचा आघात फुटतो, कान पाच मिनिटांत थकतात. मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, करणाऱ्या टेड जेन्सनने सांगितलं की मिक्स त्याच्याकडे आले तेव्हाच चिरडलेले होते. गंमत अशी की 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी हीच गाणी सुट्या ट्रॅकमधून, न चिरडता दिली गेली होती. चाहत्यांनी दोन्ही लाटांची चित्रं शेजारी ठेवली आणि सीडी पुन्हा मिक्स करा, अशी मागणी हजारोंच्या सह्यांनी केली. आजही हा अल्बम ऐकायचा तर गेममधली आवृत्ती मिळवून ऐकावी.

आयर्न मेडनची गोष्ट याच्या उलट्या टोकाने सुरू होते. स्टीव्ह हॅरिसने 1975 च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये काढलेल्या या ब्रिटिश हेवी मेटल बँडला 1981 पासून मार्टिन बर्च हा एकच निर्माता 1992 पर्यंत होता, आणि गाजलेलं बहुतेक सगळं त्या काळातलं आहे. घसरण त्याच काळाच्या शेवटी सुरू झाली. 1990 मध्ये गिटारवादक एड्रियन स्मिथ बाहेर पडला आणि मुद्रण हॅरिसच्या एसेक्समधल्या घराच्या आवारातल्या कोठारात हलवलं गेलं. आवाज कोरडा झाला. 1993 मध्ये गायक ब्रूस डिकिन्सन गेला, बर्च त्याआधीच निवृत्त झाला होता. पुढच्या दोन अल्बमचं सहनिर्माण स्वतः हॅरिसने केलं.

नवा गायक ब्लेझ बेली वाईट नव्हता. त्याचा गळा खर्जाचा, डिकिन्सनचा तार सप्तकातला. कोणत्याही संगीत नाटकात अशा वेळी पेटीवाला पट्टी बदलतो. मेडनने बदलली नाही. जुनी गाणी मूळ पट्टीतच वाजत राहिली, बेली रात्रीमागून रात्र वरच्या स्वरांवर आपटत राहिला. नव्या गाण्यांपैकी जी त्याच्या गळ्याला खाली बसवली होती, ती 1995 च्या 'द एक्स फॅक्टर'मध्ये आजही उभी राहतात. पण 1998 च्या 'व्हर्च्युअल इलेव्हन'मध्ये जवळपास दहा मिनिटांचं एक गाणं आहे, ज्यात धृपदाची एकच ओळ इतक्या वेळा येते की मोजणाऱ्याचा नाद सुटतो. खोलीत बर्च असता तर ते चार मिनिटांत आटपलं असतं.

1999 मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ परतले. स्मिथच्या जागी आलेल्या यानिक गर्सला काढलं नाही, म्हणून गिटारी तीन झाल्या. केविन शर्ली हा निर्माता बाहेरून आला आणि पॅरिसच्या गियोम तेल स्टुडिओत सगळे एकत्र वाजवत 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' मुद्रित झाला. बॉब रॉकने 1990 मध्ये मेटॅलिकाकडून करून घेतलं होतं, तेच. 2006 च्या 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ'चं तर मास्टरिंगच केलं नाही, मिक्स जसा होता तसा दिला. दोन वर्षांनी 'डेथ मॅग्नेटिक' ज्या खड्ड्यात पडला, तो यांनी असा टाळला. त्यानंतरच्या दौऱ्यात त्यांनी तो अख्खा अल्बम ओळीने वाजवला; लोकप्रिय गाण्यांच्या आरोळ्या येत होत्या तरीही.

1 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांच्या जगभ्रमंतीचा पहिला कार्यक्रम झाला. बोइंग 757 विमान डिकिन्सन स्वतः चालवत होता. एकोणपन्नासाव्या वर्षी तो ऐंशीच्या दशकातली गाणी मूळ पट्टीत, पांढरी तीनवर गात होता. तारा उतरवल्या नव्हत्या. हे फक्त गळ्याचं दैव नाही. जवळपास सहा वर्षं तो बँडबाहेर होता, पण एकल अल्बम करत गात राहिला, आणि मेडनमध्ये परतल्यावर दोन दौऱ्यांमध्ये विश्रांतीही मिळू लागली.

मेडनचं सगळं बरं चाललंय असं मात्र नाही. 'द बुक ऑफ सोल्स' (2015) 92 मिनिटांचा, 'सेन्जुत्सू' (2021) 82 मिनिटांचा. लांब प्रास्ताविक, मग गायकाच्या ओळीवरच स्वरास स्वर जुळवत चालणारी गिटार, मग तेच पुन्हा. शर्ली आजही आहे, पण निर्मितीत हॅरिसचं नाव त्याच्या शेजारी असतं, आणि हॅरिसची गाणी कापण्याची हिंमत तिथे कोणी करताना ऐकू येत नाही. 'सेन्जुत्सू'च्या शेवटी हॅरिसने एकट्याने लिहिलेली तीन दीर्घ गाणी लागोपाठ आहेत. त्यातलं शेवटचं उत्तम आहे, पण तिथे पोचेपर्यंत पाऊण तासापेक्षा बराच जास्त वेळ गेलेला असतो.