कॉर्टिसॉलचा आकडा आणि माकडांनी घातलेला घोळ

गरोदरपणात शेवटी शेवटी आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं हार्मोन, दोन-तीन पट होतं, पण एवढ्या कॉर्टिसॉलने कुशिंगच्या (कॉर्टिसॉल फार वाढण्याच्या आजाराच्या) पेशंटसारखा चेहरा सुजायला हवा, स्नायू झिजायला हवेत, तसलं काही सहसा होत नाही. 1950 च्या दशकात डॉक्टर लोकांना हे कोडंच होतं. 1959 मध्ये स्लॉनव्हाइट आणि सँडबर्ग या दोघांनी रक्तातल्या एका प्रोटीनवर पेपर लिहिला, नाव ठेवलं ट्रान्सकॉर्टिन. हे लिव्हरमध्ये बनतं आणि कॉर्टिसॉलला घट्ट धरून ठेवतं, म्हणजे रक्तातलं बहुतेक कॉर्टिसॉल बांधलेलं, थोडं अल्ब्युमिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रोटीनला सैलसर चिकटलेलं आणि जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास मोकळं, आणि पेशीत शिरून काम करतं ते मुख्यतः हे मोकळंच. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलं की ट्रान्सकॉर्टिन वाढतं, म्हणून एकूण आकडा फुगतो, मोकळं त्या मानाने कमीच वाढतं. इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तरी रिपोर्टमध्ये हाच फुगवटा दिसतो, उगाच घाबरायला होतं.

मग 1960 च्या दशकात टेस्टोस्टेरॉनला धरणारं वेगळं प्रोटीन सापडलं, एसएचबीजी, बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त असतं. एकंदर वाटायला लागलं की आकडा विचित्र दिसला की प्रोटीन बघा, झालं.

पण दक्षिण अमेरिकेतली माकडं, स्क्विरल मंकी, मार्मोसेट वगैरे, यांचं कॉर्टिसॉल माणसापेक्षा कितीतरी पट जास्त आणि तरी प्राणी ठणठणीत! साहजिकच वाटेल की यांच्यात ट्रान्सकॉर्टिन भरपूर असणार. उलटच निघालं, स्क्विरल मंकीचं प्रोटीन कॉर्टिसॉलला नीट धरतच नाही, म्हणजे मोकळं कॉर्टिसॉल तर अजूनच जास्त, कोडं सुटायच्या ऐवजी वाढलं. 1982 मध्ये क्रूसोस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घोळ रक्तात नाहीच, पेशीतल्या रिसेप्टरची, म्हणजे हार्मोन पकडून त्याचा निरोप पेशीला देणाऱ्या प्रोटीनची, कॉर्टिसॉल पकडायची ताकदच कमी आहे. गंमत म्हणजे पुढे कळलं की रिसेप्टर स्वतः तसा ठीकच आहे, त्याला चिकटून बसणारं एफकेबीपी 51 नावाचं दुसरं प्रोटीन या माकडांच्या पेशीत फार जास्त असतं आणि तेच त्याला ढिलं पाडतं, म्हणजे शेवटी दोषी प्रोटीनच निघालं, फक्त आपण शोधत होतो रक्तात आणि ते बसलं होतं पेशीच्या आत.