गॉगल घातल्यावर डोळे मिटू नका

उंचीच्या भीतीवरच्या व्हीआर उपचारासाठी, म्हणजे डोळ्यांवर गॉगल चढवून संगणकाने उभी केलेली उंच ठिकाणं दाखवतो त्या उपचारासाठी, येणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक देतो, कारण एकच गोष्ट रोज सांगून आमचा घसा बसलाय.

समोर उंच गच्ची आली की पुष्कळ जण हळूच डोळे मिटतात. आमच्या संगणकावर तुमची मान कुठे वळली ते दिसतं. डोळे उघडे की मिटलेले, ते दिसत नाही. आम्ही विचारतो, "भीती १०० पैकी किती?" तुम्ही म्हणता, "२०." आम्हाला वाटतं, चला, उतरली. तिसऱ्या मजल्यावरून दहाव्यावर नेतो, तिथे डोळे उघडतात आणि आकडा थेट ९०! मग पुन्हा तळमजल्यापासून सुरुवात. दोन-तीन वेळा असं झालं की घरचे म्हणतात, "गुण नाही बघा."

डोळे मिटल्यावर बरं वाटतं, हीच अडचण आहे. मन धरून बसतं की वाचलो ते डोळे मिटले म्हणून. उघड्या डोळ्यांनी थांबलात तर काही वाईट घडत नाही हे त्याला कळतं, धडधडही बहुतेकदा आपसूक उतरते. सोसवेना तर बोला, एक मजला खाली आणू. आकडा मोठा सांगायला लाजू नका, इथे मार्क कापत नाहीत. मळमळ, भोवळ मात्र वेगळी. ती आली तर गॉगल लगेच काढायचा.

"असले व्हिडिओ मोबाइलवर फुकट असतात की," असंही ऐकतो. असतात. पण मजला कधी वाढवायचा ते मोबाइल ठरवत नाही, शेजारी बसलेले समुपदेशक ठरवतात, फी त्याची. आणि हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी उंचीच्या भीतीवरचा असाच अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध केला. त्यातही पूल, बाल्कन्या आणि लिफ्टच होती.

रोजची गोळी मनाने बंद करू नका. ऐनवेळची गोळी घेऊन आलात तर तसं सांगा. फिट येत असेल तर पहिल्याच दिवशी. डोक्याला तेल चोपडून येऊ नका, पट्टा घसरतो.

सोलापुरात एवढ्या उंच इमारती आहेत कुठे, असं म्हणणारे काका-काकू लेक पुण्यात अकराव्या मजल्यावर राहायला गेली की येतात. गड्ड्याच्या यात्रेत नातवाबरोबर आकाशपाळण्यात बसायचं असेल, तर संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात नको, दिवाळी झाली की या. पहिल्या भेटीत नुसतं बोलणं होतं. गॉगल त्या दिवशी कपाटातच असतो.