थंडरबर्डच्या सेटअपमध्ये पेड ऍडऑन आलं कसं: थोडी पार्श्वभूमी

ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरवर असेल आणि तो थंडरबर्ड या मोझिलाच्या फुकट, ओपन सोर्स मेल प्रोग्रॅममध्ये जोडायला घेतला, तर बरीच वर्षं एक गोष्ट हमखास व्हायची. ईमेल आणि पासवर्ड टाकला की सेटअपची खिडकी सर्व्हर शोधायची, तो एक्स्चेंज निघाला की तिथंच खाली यायचं की अमुक थर्ड पार्टी ऍडऑन (म्हणजे बाहेरच्या कुणी लिहिलेला, वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकलं तर हे अकाउंट चालेल, आणि बाजूला इन्स्टॉलचं बटन. ऍडऑनचं नाव आऊल, ट्रायल संपली की दरवर्षी पैसे. यावरून जी भांडणं होतात त्यात अर्धे लोक म्हणतात ओपन सोर्सवाले विकले गेले, अर्धे म्हणतात फुकटात किती मागाल. मला दोन्ही पटत नाही, कारण हे एका दिवसात झालेलं नाही.

मेल सॉफ्टवेअर आणि पैसा यांचं जमत नाही हे जुनंच दुखणं आहे. युडोरा या जुन्या मेल प्रोग्रॅमनं २००० च्या सुमारास फुकट वापरणाऱ्यांना खिडकीतच जाहिराती दाखवून पाहिल्या, ते ओपन सोर्स नव्हतं तेव्हा, आणि २००६ मध्ये जाहीर झालं की पुढचं युडोरा थंडरबर्डच्याच पायावर बांधणार. थंडरबर्डची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ ची. मोझिलाच्या फायरफॉक्स ब्राउझरला सर्च इंजिनकडून पैसे मिळत होते, मेलच्या प्रोग्रॅमला तसं काहीच नव्हतं, म्हणून तो कायम धाकटा राहिला. २००८ मध्ये मोझिलानं त्यासाठी वेगळी कंपनी काढली, २०११ मध्ये ती परत आत घेतली.

२०१२ मात्र नीट बघायला हवं. जूनमध्ये १३ वी आवृत्ती आली, तिच्यात नवीन ईमेल पत्ता विकत घ्यायची सोय होती, डोमेन विकणाऱ्या दोन कंपन्यांबरोबर भागीदारी करून, आणि मोठ्या फाइली ऑनलाइन स्टोरेजवर टाकायची फाइललिंकही तेव्हाचीच. म्हणजे सेटअपमध्ये धंद्याच्या भागीदाराला जागा द्यायची सवय आऊलच्या कितीतरी आधीची आहे, हे लोक विसरतात. आणि पुढच्याच महिन्यात मोझिलानं सांगितलं की पगारी डेव्हलपर आता दुसरीकडे लावणार, थंडरबर्ड सांभाळायचं कम्युनिटीनं.

इथंच एक्स्चेंजची गोची झाली. एक्स्चेंज आयमॅप (मेल वाचायची सगळ्या प्रोग्रॅमना समजणारी पद्धत) बोलू शकतो पण कितीतरी ऑफिसात ऍडमिन ते बंदच ठेवतात, मग थंडरबर्डला आत जायला दार नाही. एक्स्चेंजची स्वतःची भाषा शिकवायची म्हणजे मोठं काम, आणि माणसं तर नुकतीच गेलेली. ती फट भरली एक्सक्विला नावाच्या ऍडऑननं, थंडरबर्डच्या कोअर कामातल्याच एका माणसानं लिहिलेल्या, वर्षाकाठी लायसन्स घ्यायचं. नंतर आऊल आलं. यात वाईट काय? माझ्या मते काहीच नाही, जे काम फुकटात कोणी करत नव्हतं ते कोणीतरी केलं, त्याचे पैसे घेतले आणि हजारो लोकांना ऑफिसच्या मेलसाठी दुसरा प्रोग्रॅम घ्यावा लागला नाही.

वाद सुरू झाला ते ऍडऑन सेटअपमध्ये आल्यावर, साधारण २०१९ च्या ६८ व्या आवृत्तीच्या आसपास. आता हे चालतं कसं ते बघा. सेटअप ऑटोडिस्कव्हर (पत्त्यावरून एक्स्चेंजचा सर्व्हर शोधायची सोय) वापरून सर्व्हर ओळखतं आणि मग कुठलं ऍडऑन सुचवायचं त्याची यादी प्रोजेक्टच्याच वेबसर्व्हरवरून आणतं. यादी प्रोग्रॅमच्या आत नाही, म्हणजे नवीन आवृत्ती न काढता कुणाचंही नाव त्यात घालता येतं किंवा काढता येतं. थर्ड पार्टी असं स्पष्ट लिहिलेलं असतं हे मान्य, लपवाछपवी नव्हती. पण पासवर्ड नुकताच टाकलाय, मेल अजून दिसत नाहीये, ऑफिसला उशीर होतोय, अशा वेळी समोर जे येतं ते माणूस थंडरबर्डनंच सांगितलं म्हणून घेतो. ऍडऑनच्या दुकानात जाऊन, रिव्ह्यू वाचून, पैसे लागतात ही खूण बघून निवडणं वेगळं, आणि इथं एक बटन दाबणं वेगळं.

शिवाय परवानगीचा मुद्दा आहे आणि माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा. नवीन प्रकारचं मेल अकाउंट जोडायला साध्या ऍडऑनला वावच नाही, त्यामुळे अशा ऍडऑनला थंडरबर्डचा आणि कॉम्प्युटरचा पूर्ण ऍक्सेस मागावा लागतो, इन्स्टॉल करताना तसं विचारतातही. अख्खा पत्रव्यवहार ज्याच्या हातात जाणार त्याची शिफारस प्रोजेक्टनं केली असेल, तर ती कुणी ठरवली, कुठल्या निकषावर आणि दुसऱ्या कुणाला त्या यादीत यायचं असेल तर काय करायचं, हे त्याच खिडकीत एका ओळीत आणि लिंकसकट असायला हवं होतं. इन्स्टॉलच्या बटनाला जागा मिळते तर या ओळीलाही मिळाली असती.

लोक एवढे का बिथरले त्याला आणखी एक कारण. डिसेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्समध्ये एका टीव्ही मालिकेच्या जाहिरातीचं ऍडऑन न विचारता येऊन बसलं होतं, आपणहून चालू केल्याशिवाय ते काही करत नव्हतं तरी गदारोळ झाला आणि ते काढून दुकानात हलवावं लागलं. थंडरबर्डवाल्यांचा त्यात हात नव्हता, पण मोझिलाचं घराणं एकच, वापरणारेही बरेचसे तेच, म्हणून संशय इकडेही आला.

मग २०२० मध्ये दोन गोष्टी झाल्या. जानेवारीत थंडरबर्ड मोझिलाच्या वेगळ्या उपकंपनीत गेलं, आणि जुलैत ७८ वी आवृत्ती आली जिच्यात जुन्या पद्धतीची ऍडऑन बंद पडली, पुष्कळ फुकटवाली मेली कारण ती नव्यानं लिहायला हौशी माणसाकडे वेळ नसतो, ज्यांच्यामागे पैसे होते ती तगली. मेल कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या एनिग्मेल या ऍडऑनचं काम तेवढं प्रोग्रॅमनं स्वतःच्या अंगावर घेतलं, ओपनपीजीपी ही ती पद्धत आतच आली. एक्स्चेंजचं तेव्हा घेतलं नाही, आणि माझी तक्रार आहे ती इथं, ऍडऑनवाल्याबद्दल नाही.

पैसे नव्हते असं म्हणायची सोयही नंतर राहिली नाही. देणग्या २०२१ मध्ये सुमारे २८ लाख डॉलर होत्या, २०२२ मध्ये प्रोग्रॅमच्या आतच आवाहन दाखवलं आणि ६४ लाखांवर गेल्या. गंमत नाही, तेही एक प्रकारचं प्रमोशनच होतं, प्रोग्रॅमच्या आत पैसे मागणं, पण लोकांनी ते मनापासून उचलून धरलं कारण मागतंय कोण आणि कशासाठी हे सरळ लिहिलेलं होतं.

एक्स्चेंजचा आधार शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये १४५ व्या आवृत्तीत आला, रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला, पण फक्त मेलसाठी. कॅलेंडर आणि ऍड्रेस बुक पुढे होणार असं सांगितलं, म्हणजे ज्यांना तेही हवं त्यांना ऍडऑन सुटत नाही. त्यात हा आधार ईडब्ल्यूएसवर (एक्स्चेंजशी बोलायची जुनी पद्धत) आहे आणि मायक्रोसॉफ्टनं क्लाउडवरचं ईडब्ल्यूएस ऑक्टोबर २०२६ पासून बंद करायचं आधीच जाहीर केलेलं, त्यामुळे पुढची जोडणी ग्राफ या मायक्रोसॉफ्टच्या नव्या पद्धतीवर करावी लागणार. एप्रिल २०२५ मध्ये प्रोजेक्टनं स्वतःची पेड सर्व्हिसही जाहीर केली, थंडरमेल नावाच्या मेलसकट. सेटअपच्या खिडकीत आता विकायला दुसऱ्याचं ऍडऑन नसून घरचाच माल असू शकतो, आणि तो तिथं कसा दाखवायचा याचा नियम मात्र आधीच, सगळ्यांना वाचता येईल असा लिहून ठेवायला हवा.