माल टाळणं आणि माणूस वाळीत टाकणं

ग्रामपंचायतीचा निकाल लागला की खान्देशातल्या कितीतरी गावांत त्याचा पहिला परिणाम पिठाच्या गिरणीवर दिसतो. हरलेल्या पॅनलची घरं जिंकलेल्याच्या गिरणीवर दळण टाकत नाहीत. जिंकलेले हरलेल्याच्या डेअरीला दूध घालत नाहीत. विचारलं तर दोन्हीकडचं उत्तर एकच: पैसा आमचा, कुठं खर्चायचा ते आम्ही ठरवू. हे उत्तर खरं आहे, पण एका हद्दीपर्यंतच. ती हद्द कळायची तर माल टाळणं आणि माणूस वाळीत टाकणं या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. दोन्हींना आपण सरसकट 'बहिष्कार' म्हणतो आणि घोटाळा तिथंच सुरू होतो.

हा घोटाळा शंभर वर्षांचा आहे. १९०५ साली बंगालची फाळणी झाली, विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या आणि लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या शेजारी 'बहिष्कार' हा शब्द अभिमानाने बसला. पुढं १९२४ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईत संस्था काढली, तिचं नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. शब्द तोच, पण एकीकडे तो हत्यार उचलणाऱ्याच्या तोंडी आहे आणि दुसरीकडे ज्याच्यावर ते चाललं त्याच्या. अस्पृश्य आणि आदिवासींची स्थिती तपासायला मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर आंबेडकर सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांची मजुरी कशी बंद होते, गावचा वाणी रोजचं सामान देणं कसं थांबवतो, नेहमीची वाट कशी अडवली जाते, हे त्या समितीच्या अहवालात नोंदलेलं आहे. खान्देश तेव्हा त्याच मुंबई इलाख्यात होता. विलायती धोतर नको म्हणणारा माणूस आणि ज्याला गावात मीठ मिळत नाही असं कुटुंब, ही दोन टोकं एका शब्दात बांधली गेली आहेत.

त्यांना वेगळं करणारी पहिली खूण म्हणजे कारण. माल टाळताना कारण एखादी कृती असते: कारखाना नदीत सांडपाणी सोडतो, कंपनी कामगारांचे पैसे थकवते, मालक नफ्यातून एखाद्या पक्षाला देणगी देतो. कृती बदलता येते, म्हणून मागणीही करता येते. वाळीत टाकताना कारण माणसाची ओळख असते. जात, धर्म, आडनाव, कोणत्या घरात लग्न केलं, यातलं काहीच दुकानदाराला उद्यापासून बदलता येत नाही. 'त्यांच्याकडून घेऊ नका' या वाक्यातलं 'त्यांच्या' म्हणजे कोण, एवढं विचारलं तरी बहुतेक वेळा उलगडा होतो.

गिरणीवाल्याचं प्रकरण मधलं आहे. निवडणुकीला उभं राहणं ही कृती आहे, पण ती चूक नाही, त्याचा हक्क आहे. कोणी गुपचूप आपलं दळण दुसरीकडे नेलं तर कायदा त्याला काही विचारणार नाही. तरी ते वाईटच, असं आमचं मत आहे. ज्या गावात उभं राहिलं की गिरणी बसते, त्या गावात पुढच्या खेपेला पोट भरण्यापुरता धंदा असलेला माणूस अर्जच भरत नाही. मग निवडणूक उरते ती गिऱ्हाइकांवर अवलंबून नसलेल्या बागायतदारांची.

दुसरी खूण जबरदस्तीची, आणि चांगली चळवळही इथंच घसरते. स्वदेशीच्या काळात बंगालमध्ये विलायती कापड विकणाऱ्या-घेणाऱ्यांचे न्हावी-धोबी बंद करण्याचे प्रकार झाले. देशी कापड महाग होतं. गरीब कुळांना आणि छोट्या दुकानदारांना ते परवडत नव्हतं. त्यांच्यावर सक्ती झाली तेव्हा मालावरचा बहिष्कार माणसांवर उलटला, आणि त्याची कटुता चळवळीच्या पुढं उरली. म्हणून स्वतः न घेणं, शेजाऱ्याला कारण सांगणं, दुकानाबाहेर वाट न अडवता पत्रक वाटणं इथवर ठीक आहे. घेणाऱ्याचं नाव व्हॉट्सॲप गटावर टाकणं, दंड ठरवणं, दुकानाच्या दारात उभं राहून गिऱ्हाईक मोजणं ही पलीकडची बाजू.

तिसरी खूण व्याप्तीची. माल टाळणारा एक वस्तू किंवा एक दुकान सोडतो आणि त्या दुकानदाराच्या घरच्या लग्नाला जातो. वाळीत टाकलेल्याचं किराण्यापासून सुरू होतं आणि ते पाणी, मजूर, शेतरस्ता, देऊळ, अंत्ययात्रा इथवर जातं.

चौथी शेवटाची. अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस शहराच्या बसमध्ये पाय ठेवला नाही. मागणी बसमधल्या वागणुकीची आणि जागांची होती. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अमलात आला आणि लोक पुन्हा बसमध्ये बसले. इतके दिवस ते टिकलं कारण त्यांनी खाजगी गाड्यांची पाळी लावून लोकांना कामावर पोचवलं. पर्यायाची तीच जाण इकडेही होती. डिसेंबर १९३६ मध्ये खान्देशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. तिथं भाषणांच्या जोडीला खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. विलायती नको म्हणताना त्याऐवजी काय घ्यायचं, ते समोर मांडलेलं होतं. वाळीत टाकलेल्यासमोर मात्र अट पूर्ण करून सुटण्याचा मार्गच नसतो. जिथं तो ठेवतात तिथं दंड भरून पंचांच्या पाया पडायला लावतात.

कायदा कुठं लागतो

गिऱ्हाइकाने कुठून घ्यावं यावर कायद्याचं बंधन नाही. दुकानदाराने कोणाला माल नाकारावा यावर आहे. संविधानाच्या कलम १५(२) प्रमाणे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून दुकानात, उपाहारगृहात प्रवेश अडवता येत नाही. हे कलम सरकारपुरतं नाही, खाजगी दुकानालाही लागू आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने माल नाकारणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा, अमलात आला जुलै २०१७ मध्ये. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. इथं एक चूक हमखास होते. हा कायदा मुख्यतः एखाद्या जातीने किंवा समाजाने आपल्याच सदस्याला वाळीत टाकण्याविरुद्ध आहे. आंतरजातीय लग्न केलं म्हणून जात पंचायतीने व्यवहार तोडले, तर तो नेमका बसतो. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आणि बहिष्कार टाकणारे बाहेरचे असतील, तर ॲट्रॉसिटी कायदा पाहावा. २०१६ पासून अमलात असलेल्या दुरुस्तीने सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, तशी धमकी देणं हाही त्यात स्वतंत्र गुन्हा झाला. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. आदिवासी वस्ती मोठी असलेल्या नंदुरबार, शिरपूर, साक्री भागात ही तरतूद माहीत असणं फार गरजेचं आहे. एखाद्या धर्माच्या फेरीवाल्यांकडून घेऊ नका असं द्वेष पसरवून सांगितलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागू शकतं. चुकीच्या कायद्याचं नाव धरून बसलं की तक्रार पहिल्याच पायरीवर अडते. म्हणून तक्रारीत कलमांपेक्षा आधी घटना लिहाव्यात.

घटना लिहिण्याची रीतही महत्त्वाची. 'आम्हाला सामान देत नाहीत' एवढ्याने काही होत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानात, काय मागितलं, समोरच्याने कोणते शब्द वापरले, शेजारी कोण उभं होतं, हे त्याच दिवशी वहीत उतरवावं. एका दुकानाने एकदा नाकारलं तर माल संपला होता असं म्हणता येतं. पाच दिवसांत तीन दुकानांनी एकच वाक्य ऐकवलं, तर कोणीतरी ठरवून सांगितल्याचं दिसतं. गटावरचा संदेश पुसू नये, मूळ फोन जपावा. नुसत्या स्क्रीनशॉटवर न्यायालयात आक्षेप येतो, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. ग्रामसभेने 'अमक्यांनी गावात धंदा करू नये' असा ठराव केला असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून त्याची प्रत मागावी. उत्तराची मुदत ३० दिवस. समाजाची ओळख पाहून धंदा बंद करण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही.

माल टाळायचाच असेल तर

एखाद्या कंपनीच्या राजकीय देणगीमुळे तिचा माल टाळणं हा नागरिकाचा रास्त निर्णय असू शकतो. पण आधी कंपनी कोणती ते नीट शोधावं. बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला, हा समज चुकीचा आहे. कंपनीने क्रमांक भारतातल्या नोंदणी संस्थेकडून घेतला, एवढंच त्यातून कळतं. पाकिटावर उत्पादकाचं नाव आणि आयात माल असेल तर मूळ देश छापलेला असतो, तो वाचावा. बिलावरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की धंद्याचं कायदेशीर नाव मिळतं, आणि पाटीवरच्या नावापेक्षा ते पुष्कळदा वेगळं निघतं.

देणगीचं पाहायचं तर पक्ष दरवर्षी २०,००० रुपयांवरच्या देणग्यांची यादी निवडणूक आयोगाला देतात, ती आयोगाच्या संकेतस्थळावर असते. देणाऱ्याचं नाव उघड न करता पक्षाला देणगी देण्याचे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले. कोणी किती घेतले आणि कोणत्या पक्षाने वटवले, तेही त्यानंतर प्रसिद्ध झालं. त्याच निकालाने कंपन्यांच्या देणगीवरची जुनी मर्यादा परत आली: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के. समजा, १०० रुपयांच्या खरेदीत कंपनीला १० रुपये निव्वळ नफा राहतो. त्यातले जास्तीत जास्त ७५ पैसे पक्षाकडे जाऊ शकतात.

त्याच १०० रुपयांतला किरकोळ दुकानदाराचा वाटा मात्र त्याच्या घरच्या भाकरीचा असतो. जळगावच्या फुले मार्केटमध्ये, धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा नंदुरबारच्या मंगळ बाजारात फळीवर दिसणारा माल दुकानदाराने बहुधा आधीच पैसे मोजून भरलेला असतो. मुदत संपलेला माल वितरक काही अटींवर परत घेतो, न खपलेला सहसा घेत नाही. उद्यापासून एकदम बंद केलं तर कंपनीला पुढच्या ऑर्डरपर्यंत कळतही नाही, आणि भुर्दंड दुकानदाराला बसतो. त्यापेक्षा दुकान तेच ठेवावं आणि दुकानदाराला सांगावं, 'भाऊ, पुढच्या खेपेला हा भरू नका, त्याऐवजी तो आणा, मी तुमच्याकडूनच घेईन.' पुढची ऑर्डर निघेपर्यंत थांबावं. दहा-वीस घरांनी हेच सांगितलं की दुकानदार वितरकाच्या सेल्समनला कारण सांगतो, सेल्समन वर कळवतो, आणि ज्याला ऐकवायचं होतं त्याच्यापर्यंत ते पोचतं.